आबाजीच्या डब्ल्यूएलएलची अँटेना मोबाईलला लागते का?

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, नाल्याच्या काठी, दोन बाजूनं टेकड्या. घरात मोबाईलला काहीच नेटवर्क नाही. स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तं एखादी दांडी येते, टेकडीवर चढलं का फुल. टॉवर सात-आठ किलोमीटरवर आहे म्हणतात. मी नोकरीपायी पुण्यात राहतो, आई-बाबा अन् लहान भाऊ गावात. आईला माझ्याशी बोलायचं तं पायऱ्या चढून टाकीजवळ जावं लागते अन् तिचे गुडघे दुखून राहिले. भाऊ वावर पाहते, त्याले भाव पाहाले अन् ओटीपीसाठी नेट पायजे. आबाजीच्या काळात घरी डब्ल्यूएलएलचा फोन होता, त्याची अँटेना अजून स्लॅबवर पाईपाला बांधलेली आहे, तेव्हा घरात बसून मस्त बोलणं होत होतं. ती अँटेना मोबाईलला जोडता येईन का? का ऑनलाईन साडेतीन हजाराचा बूस्टर दिसून राहिला तो घेऊ? गावातला एक जण म्हणे डिशची छत्री लावा. टेकडीच्या अंगाला आमचंच वावर आहे, घरून दिसते, त्याचा काही उपयोग होईन तं तेही सांगा.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर:

भाऊ, सुरुवात बूस्टरपासून करतो, कारण अँटेनाचं वाचत बसाल तोवर घरातलं कोणीतरी ऑर्डर मारून मोकळं होईल. नका घेऊ. ऑनलाईन उघड्यावर विकून राहिले म्हणून ते कायदेशीर आहे असं नाही, मोबाईल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर लायसन्सवाल्या मोबाईल कंपनीशिवाय दुसऱ्या कोणी ठेवणं, विकणं, लावणं बेकायदा आहे, दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये लोकांसाठी तसं जाहीर करून सांगितलं होतं. अन् कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी वस्तू म्हणून ती तुमच्या कामाची नाही. ते मशीन बाहेरच्या अँटेनाला जे ऐकू येतं ते मोठं करून घरातल्या छोट्या अँटेनातून सोडतं, अन् घरातल्या मोबाईलचं मोठं करून टॉवरकडे फेकतं. आता स्लॅब अन् खालची खोली यात अंतर किती, दहा-बारा फूट. आतल्या अँटेनाचं बाहेरची ऐकते, ती पुन्हा आत पाठवते, अन् लग्नाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर नेला का जशी सीटी वाजते तसं सुरू होतं, फक्त ही सीटी तुम्हाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. टॉवर आधीच दूरदूरच्या फोनचा बारीक सिग्नल पकडायची खटपट करत असतो, त्यात हा गोंगाट घुसला का त्या टॉवरवरच्या चार गावांचे कॉल तुटायला लागतात. चांगल्या मशीनमध्ये हे आपोआप दाबायची सोय असते, साडेतीन हजारवाल्यात ती असेल असं मला तरी वाटत नाही. अन् मोबाईलच्या मागं चिकटवायचे ते सोनेरी स्टिकर मिळतात ना, त्याच्याबद्दल तं बोलायचंच नाही.

आता आबाजीची अँटेना. ती भंगारवाल्याला देऊ नका, आधी टेप घेऊन मोजा.

डब्ल्यूएलएल म्हणजे तार न ओढता दिलेला लँडलाईन. खेड्यापाड्यात तांब्याची तार ओढणं अन् ती चोरांपासून राखणं परवडत नव्हतं, म्हणून २००० च्या दशकात टेबलावर ठेवायचे वायरलेस फोन दिले गेले. त्याच्या मागं अँटेनाची पिन असायची, टॉवर दूर असला का स्लॅबवर यागी, म्हणजे ती माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना, पाईपाला बांधायचे अन् केबल खाली फोनपर्यंत आणायचे. घरात बसून मस्त बोलणं व्हायचं ते याच्यामुळं. फोन काही भारी नव्हता, पण त्याचा कान स्लॅबवर होता अन् बरोब्बर टॉवरकडे तोंड करून होता.

यातले पुष्कळसे फोन सीडीएमए नावाच्या तेव्हाच्या तंत्रावर होते अन् ते ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे, फोनकडून टॉवरकडे ८२४ ते ८४४ अन् टॉवरकडून फोनकडे ८६९ ते ८८९. अन् गंमत पहा, आज जिओचं ४जी ज्या तीन पट्ट्यांवर आहे, ८५०, १८०० अन् २३००, त्यातला ८५० वाला, ज्याला बँड ५ म्हणतात, तो हाच पट्टा. म्हणजे आबाजीची अँटेना सीडीएमएची असेल तं ती जिओच्या बँड ५ साठी जवळजवळ मापाची आहे. पण सगळे डब्ल्यूएलएल सीडीएमए नव्हते, आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या टीमनं घडवलेलं कॉरडेक्ट नावाचंही एक होतं अन् ते १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालायचं. तुमची कोणती ते कांडीची लांबी सांगेल. यागीच्या आडव्या कांड्या असतात त्यातली एक मोजा, साधारण १५ ते १७ सेंटीमीटर भरली तं ८०० ची, सात-आठ सेंटीमीटर भरली तं १९०० ची. जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकी कांडी आखूड.

एअरटेल अन् व्हीआयचा ९०० चा पट्टा आहे, बँड ८, तो ८०० च्या शेजारीच असला तरी या यागीवर तो बरोबर धरणार नाही. यागीचा स्वभाव असा का तिच्या मापाच्या खालच्या फ्रिक्वेन्सीला ती थोडंफार सांभाळून घेते, वरच्या बाजूला गेली का एकदम ढेपाळते. टॉवरकडून येणारं ९०० वालं ९२५ च्या वर आहे, तिथं तिचा भरवसा नाही. १८००, २१००, २३०० तं विसराच. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० अन् २१०० वर येऊन राहिलं, त्यालाही ती नाही.

पण जोडायची कशाला, हा खरा प्रश्न आहे. खिशातल्या मोबाईलला बाहेरची अँटेना जोडायची पिनच नसते आता. जुन्या नोकियांना मागं रबरी बूच असायचं, त्याखाली कार किटसाठी पिन असायची, तो जमाना गेला. मोबाईल ज्यात ठेवायचा अन् केबल न जोडता सिग्नल आपोआप उतरतो असे स्टँड मिळतात, पण त्या उतरण्यातच इतकं सांडतं का अँटेना लावल्याचा फायदा हातात राहत नाही. केबलचं उघडं टोक फोनला गुंडाळायचं सांगणारे व्हिडिओही आहेत, ते पाहायला मजा येते बस.

म्हणजे अँटेना लागते ती पिनवाल्या यंत्राला, एक म्हणजे सिम टाकायचा ४जी राऊटर अन् दुसरं म्हणजे सिमवाला टेबलफोन. राऊटर घेताना एक फसगत लक्षात ठेवा, मागं दोन दांडे दिसले, फिरवून निघाले, म्हणून खुश होऊ नका, पुष्कळ राऊटरचे ते दांडे वायफायचे असतात अन् ४जी ची अँटेना आत बंद असते. तुम्ही स्लॅबवरची यागी वायफायच्या पिनीला जोडाल अन् म्हणाल भाऊनं सांगितलं ते काही चाललं नाही. डब्यावर किंवा मॅन्युअलमध्ये एलटीईची, म्हणजे ४जी ची, बाहेरची अँटेना लागते असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, अन् सोबत बँडची यादी असते, त्यात तुमचा बँड आहे का ते पाहा. टेबलफोनमध्ये दुसरी फसगत, बाजारातले स्वस्त टेबलफोन नुसते २जी चे असतात, त्यात एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं सिम चालेल, जिओचं नाही, जिओकडे २जी नाहीच. जिओ टाकायचं तं ४जी व्होल्टीई लिहिलेलाच टेबलफोन पाहिजे.

आता केबल. या सगळ्या प्रकरणात पैसा इथंच पाण्यात जातो.

जुनी केबल बिनधास्त कापून फेका. इतके पावसाळे अन् इतके ४५ डिग्रीचे उन्हाळे खाल्लेली केबल बाहेरून काळी दिसली तरी आत जाळी हिरवी पडलेली असते, जोडाजवळ चाकूनं सोलून पाहा, पाणी आत गेलं का ते केबलच्या पोटातून फूटभर आत चढतं. अन् नवी घ्यायची तरी दुकानदार जी बारीक काळी आरजी-५८ देतो ती मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीला मीटरमागं अर्धा डीबी खाते, २३०० वर तं एकेक डीबी. डीबी म्हणजे सिग्नल किती वाढला-घटला याचं माप, त्याचा हिशोब सोपा आहे, ३ डीबी गेले का ताकद अर्धी, १० गेले का दहावा हिस्सा उरला. चांगली यागी तुम्हाला कमावून देते साधारण १० डीबी. स्लॅबवरच्या पाईपापासून खिडकीतून समोरच्या खोलीपर्यंत वीस मीटर आरजी-५८ ओढली तं ८५० वर दहा डीबी केबलनंच खाल्ले, म्हणजे कमाई शून्य, अन् २३०० वर केबलनं वीस खाल्ले म्हणजे उलटा दहाचा तोटा, त्यापेक्षा राऊटर तसाच टाकीजवळ ठेवलेला बरा. जाडी केबल येते, एलएमआर-४०० म्हणतात, बोटाएवढी जाड असते, ती वीस मीटरला ८५०-९०० वर अडीच डीबीच्या आसपास खाते अन् २३०० वर चारच्या वर. महाग आहे, वळत नाही, पण घ्यायचीच तं ती घ्या.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. केबल खाली आणूच नका, राऊटर वर न्या. पाईपाच्या बुडाशी एक प्लास्टिकचा वॉटरप्रूफ डबा, त्यात राऊटर, अँटेनाची केबल दीड-दोन मीटर, अन् डब्यातून खाली येईल ती साधी लॅन केबल. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत काही गमावत नाही अन् स्वस्त आहे. खाली घरात एक साधा वायफाय राऊटर त्या लॅनला जोडायचा. मोबाईल कंपन्या आता घरी जे एअरफायबर देऊन राहिल्या त्यात तरी काय आहे, छतावर एक डबा अन् त्यातून खाली केबल, तेच. एक अडचण आहे, उन्हाळ्यात आपल्याकडे स्लॅबवर बंद डब्यात राऊटर भाजून निघतो, म्हणून डबा लोखंडी नको, पांढरा घ्या, टाकीच्या सावलीच्या बाजूला बांधा, खालून हवेला भोकं ठेवा अन् त्याला जाळी लावा, नाही तं महिनाभरात आत पाल नाही तं गांधीलमाशी राहायला येते.

हे सगळं घ्यायच्या आधी मोजणी करा, फुकट आहे. दांड्यांवर जाऊ नका, दोन कंपन्यांच्या फोनच्या दोन दांड्या सारख्या नसतात. अँड्रॉईडमध्ये सेटिंगच्या अबाऊट फोनमध्ये सिम स्टेटस असतं, तिथं सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा दिसतो, नाही तं सेल इन्फोवालं एखादं ॲप टाका, त्यात बँड पण दिसतो. आकडा मायनसमध्ये असतो, जितका शून्याकडे तितका चांगला. उणे ८५ पर्यंत झकास, उणे १०० चालतं, उणे ११० ला कसंतरी, उणे १२० ला दांडी दिसली तरी काम होत नाही. लहान भावाला सांगा, टाकीजवळ उभा राहून, टाकीच्या पार पलीकडे उभा राहून, अन् जमलं तं शिडीवर दोन माणूस उंचीवर फोन धरून, प्रत्येक कंपनीच्या सिमवर हे आकडे लिहून काढ. घरात कोणाकडं कोणतं सिम आहे ते पाहू नका, शेजाऱ्याचं, गावात आलेल्या पाहुण्याचं, सगळ्यांचं पाहा. सात-आठ किलोमीटरवर ७००, ८५०, ९०० वाले पट्टे टेकडीच्या कडेवरून थोडे वाकून खाली येतात, २३०० वालं येत नाही, म्हणून टेकडीवर ज्याचं फुल तेच खाली मिळेल असं नाही.

टाकीजवळ उणे ११५ अन् उंचावर ११० येत असेल तं यागी त्याला शंभरवर आणून ठेवेल, अन् शंभरवर फोन अन् थोडंफार नेट दोन्ही होतं. स्लॅबवर आकडाच येत नसेल, नो सर्व्हिसच असेल, तं यागी लावून चमत्काराची वाट पाहू नका, मग वावराकडे वळा, त्याचं पुढं सांगतो.

लावायचं ठरलं तं जुनी यागी पाईपाला जशी उभी किंवा आडवी असेल तशी ठेवू नका. आताचे टॉवर दोन तिरप्या दिशांनी पाठवतात, एक डावीकडं ४५ अंश, एक उजवीकडं, म्हणून एकच यागी असेल तं कांड्या तिरप्या करून पाहा, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. राऊटरला दोन पिना असतील तं दोन यागी एकमेकीला काट मारून, फुलीसारख्या. एकावर जुनी, एकावर नवी असं नको, दोन्ही सारख्या घ्या, अन् नव्या घ्यायच्याच तं त्रिकोणी दिसणाऱ्या लॉग पिरिऑडिक घ्या, त्यांची कमाई यागीपेक्षा थोडी कमी असते पण एकाच अँटेनात ७०० ते २७०० पर्यंत सगळे बँड येतात, उद्या कंपनी बदलली तं पुन्हा स्लॅबवर चढायचं काम नाही. नागपूरला येणं झालं तं बर्डीवर मिळून जातं, नाही तं ऑनलाईन आहेच.

फिरवताना घाई करू नका. एक जण वर, एक जण खाली मोबाईलवर राऊटरचं पान उघडून. दहा-पंधरा अंश फिरवायचं अन् अर्धा मिनिट थांबायचं, कारण आकडा लगेच बदलत नाही अन् तोवर वरच्यानं अजून फिरवलेलं असतं, मग दोघांचं भांडण. अन् टॉवर घाटंजीकडे आहे म्हणून तिकडंच तोंड पाहिजे असं धरून बसू नका. दोन टेकड्यांच्या मधात घर आहे, समोरच्या टेकडीवर आपटून येणारा सिग्नल सरळ येणाऱ्यापेक्षा चांगला असू शकतो, म्हणून पूर्ण गोल फिरवून पाहा. राऊटरच्या पानावर सिग्नलच्या शेजारी एसआयएनआर नावाचा आकडा असतो, तो गोंगाटाच्या मानानं आवाज किती साफ आहे ते सांगतो, शून्याच्या खाली वाईट, दहाच्या वर चांगला. दोन दिशांत एकीकडं ताकद जास्त अन् दुसरीकडं हा आकडा जास्त असेल तं दुसरी धरा.

तुमच्या भागात सागाचं जंगल आहे, त्याचा एक हिशोब ठेवा. उन्हाळ्यात साग उघडा पडलेला असतो तेव्हा अँटेना लावली, सगळं मस्त झालं, अन् जूननंतर पानं फुटली, त्यावर पाऊस पडला का तेच कनेक्शन मान टाकतं. ओलं पान सिग्नल खातं, २३०० चा जास्त, ८५० चा कमी. म्हणून मोजणी एप्रिलमध्ये केली असेल तं पाच-सात डीबी पावसाळ्यासाठी उरतील एवढं वाढवून धरा, किंवा पाईपच जरा लांब घ्या. पाईप लांब घेतला का तान पाहिजेत, तीन बाजूंनी जाड तार, नाही तं मृगाच्या आधीच्या आंधीत तो वाकतोच. अन् वांदरं. गावात वांदरांची टोळी असेल तं यागीची आडवी नळी त्यांना झोक्याला फार आवडते, नळीचं तोंड फिरलं का नेटवर्क गेलं अन् घरचे म्हणतात कंपनीनं बंद केलं. दिशा पक्की झाली का पाईपावर अन् क्लँपवर रंगानं एक रेघ मारून ठेवा, फिरली तं लगेच दिसते, आईला पण सांगता येते.

विजेबद्दल जरा थांबून बोलतो, इथं हलगर्जी चालत नाही. पाईप उभा करताना तो आडवा पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही इतकं अंतर पाहिजे, स्लॅबजवळून लाईन जात असेल तं ती जागाच सोडा. स्लॅबवरचा सगळ्यात उंच लोखंडी पाईप म्हणजे पडणाऱ्या ईजेला आमंत्रण, म्हणून पाईपाला घराच्या बाहेरून, वेगळ्या जाड तारेनं, जमिनीत गाडलेली अर्थिंग द्या, घरातल्या बोर्डाच्या अर्थिंगला जोडून मोकळे होऊ नका. केबल घरात शिरायच्या आधी लाईटनिंग अरेस्टर लावतात तो लावा, पण थेट पडणारी ईज तो थांबवत नाही, आजूबाजूला पडलेलीचा झटका तेवढा कमी करतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, ईजेचा इशारा देणारं दामिनी ॲप भावाच्या फोनमध्ये टाकून द्या, ढग जमायला लागले का घरात येणारी केबल अन् राऊटरचा प्लग काढून ठेवायचा, अन् गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही अन् स्लॅबवर तं जायचंच नाही, राऊटर जळला तं जळू द्या.

छत्रीचं म्हणणारा अगदीच चुकीचा नाही. डिशच्या पुढं जो एलएनबी असतो तो दहा-बारा हजार मेगाहर्ट्झचं ऐकतो, मोबाईलला त्याचा काही उपयोग नाही, तो काढून टाकायचा. नुसती छत्री आरसा म्हणून वापरायची अन् एलएनबीच्या जागी सिमवाला छोटा डोंगल किंवा अँटेना बसवायची. साठ सेंटीमीटरची छत्री २३०० ला चांगली कमाई देते, ८५० ला मात्र ती लहान पडते, तिथं यागीच बरी. अन् डीटीएचची छत्री जिकडं तोंड केलेली दिसते तिकडं पाहतच नसते, तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. जमिनीलगतच्या टॉवरकडे तिची नजर न्यायची तं छत्री पुढं झुकवून जमिनीकडं पाहून राहिली अशी बसवावी लागते. लोक सरळ उभी करतात अन् आकाशातून सिग्नल शोधत बसतात. तुमच्या टाकीजवळ बँड ४०, म्हणजे २३०० वाला, दिसला तरच हा उद्योग करा.

आता वावर. मला विचाराल तं तुमच्या चिठ्ठीतली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. टेकडीवर फुल येतं अन् टेकडीच्या अंगाला तुमचं वावर आहे अन् ते घरून दिसतं. मग राऊटर वावरातच ठेवा, जिथं आकडा उणे ९० च्या आत येतो तिथं, अन् तिथून घरापर्यंत ५ गिगाहर्ट्झची वायफाय लिंक टाका. दोन छोट्या बाहेर लावायच्या पेट्या मिळतात, जोडीनं, एक वावरात अन् एक स्लॅबवर, एकमेकीकडं तोंड करून. मधात झाड नसेल, खरंच नजरेला नजर असेल तं एक-दोन किलोमीटर ती आरामात जाते, अन् या पट्ट्याला लायसन्स लागत नाही, २०१८ मध्ये तो मोकळा केला. दिवसा दिसतं म्हणता पण तूर उंच झाल्यावर, शेजाऱ्याचा मोह पानावर आल्यावरही दिसतं का ते पाहून घ्या. विजेचं म्हणाल तं शेतीच्या फीडरवर चोवीस तास लाईन राहत नाही, तिथं शंभर वॅटचं सोलर पॅनल अन् १२ व्होल्टची बॅटरी लागेल, राऊटर अन् पेटी मिळून दहा-बारा वॅट खातात, उन्हाच्या दिवसात हे भागतं, श्रावणातल्या झडीत तीन दिवस सूर्य दिसला नाही तं बंद पडेल, मोठी बॅटरी घेतली तं थोडं लांबेल. चोरीची भीती आहे, रानडुकराच्या कुंपणाची तार जवळ असेल तं त्याची वेगळी भीती आहे. अन् आपल्याच धुऱ्याच्या आत लावा, टेकडी जंगल खात्याची असेल तं तिथं खांब रोवायचा विचारही नको.

आईच्या फोनचं. तिच्याकडं स्मार्टफोन असेल अन् त्यात वायफाय कॉलिंगची सेटिंग असेल तं घरात वायफाय आलं का तिचा नेहमीचा नंबर घरातच वाजेल, टाकीजवळ जायचं कारण नाही, वेगळं ॲप नाही, वेगळा चार्ज नाही. एअरटेल अन् जिओ दोघांनी ही सोय २०१९ च्या डिसेंबर अन् २०२० च्या जानेवारीपासून दिली. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करून द्यावी लागते, पुष्कळ फोनमध्ये ती बंदच असते. बटणाचा फोन असेल तं मात्र हे सहसा जमत नाही, मग बाहेरच्या अँटेनाची पिन असलेला ४जी टेबलफोन, मोठ्या आकड्यांचा, थेट यागीला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तोच जास्त सोपा पडतो असं माझं मत आहे, वाजला का उचलायचा. त्याची केबल मात्र जाडी घ्यावी लागेल, फोन काही स्लॅबवर ठेवता येत नाही. अन् बँकेला, आधारला जोडलेलं सिम राऊटरमध्ये टाकू नका, ओटीपी राऊटरच्या पोटात जाऊन बसतो अन् बँकेच्या काउंटरवर भाऊ मोबाईल हलवत राहतो. राऊटरला वेगळं डेटाचं सिम घ्या.

दोन गोष्टी अँटेनाच्या हातात नाहीत. टॉवरची लाईन गेली अन् त्याची बॅटरी बसली का तुमची यागी कितीही सरळ असो, काही ऐकू येणार नाही. अन् रात्री आठ ते अकरा सगळा तालुका रील पाहत असतो तेव्हा टॉवरवर गर्दी होते. पहाटे पाचला अन् रात्री नऊला एकाच जागेवरून स्पीड पाहा, सिग्नलचा आकडा तोच अन् स्पीड मात्र दहावा हिस्सा, तं अँटेना अजून मोठी घेऊन काही होणार नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहा.

खिशात हात घालायच्या आधी भावाला ग्रामपंचायतीत एक चक्कर मारायला सांगा. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर बहुतेक ग्रामपंचायतींपर्यंत ओढलेली आहे, कुठं चालू आहे, कुठं पेटीला नुसतं कुलूप आहे. तुमच्याकडं ती जिवंत असेल अन् तिथून घरापर्यंत जोडणी मिळत असेल तं फायबर घ्या, वायफाय कॉलिंग चालू करा अन् हे अँटेनापुराण सोडून द्या. नसेल तं ग्रामसभेचा ठराव करून कंपनीला अन् दूरसंचार विभागाला पाठवा, केंद्रानं जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी न्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले होते, त्या यादीत तुमचं गाव आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ठरावात घराघरातले ते उणे ११५, उणे १२० वाले आकडे जागेसकट लिहा, नुसतं नेटवर्क येत नाही लिहिलेला कागद फाईलला लागून पडून राहतो.